कर्नाकच्या दोन भिंती आणि ‘राजे’ ग्रंथातील शिशक

जानेवारीत लक्सरला चार दिवस राहिलो आणि त्यांतला बराच वेळ शेशोंक पहिला आणि मर्नेप्ताह या प्राचीन इजिप्तच्या दोन राजांच्या लेखांना दिला. बायबलचे संदर्भ शोधत इजिप्तला येणाऱ्या प्रवाशाला मोशेच्या नावाने पुष्कळ काही दाखवले जाते. मोशेचे नाव असलेला समकालीन इजिप्ती लेख मात्र आजवर मिळालेला नाही. या दोघांनी कोरवलेली गावांची व लोकांची नावे मात्र आजही समोर उभे राहून पाहता येतात.

लक्सरमधील कर्नाकचे मंदिर सकाळी सहाला उघडते. पहिल्या प्रांगणात उजवीकडे, तिसऱ्या रामेसेसचे देऊळ आणि दुसरे गोपुर यांच्या मधल्या द्वारातून बाहेर पडून डावीकडे वळले की दक्षिणाभिमुख भिंतीवर शेशोंकची स्वारी दिसते. राजाची आकृती जवळजवळ दिसत नाही. दिसतो तो आमोन देव, आणि त्याच्या हातातील दोरांना बांधलेल्या बंदिवानांच्या रांगा. प्रत्येक बंदिवानाचे धड एका तटबंदीच्या अंडाकृतीवर असून आत जिंकलेल्या गावाचे नाव आहे. अशी दीडशेहून अधिक नावे होती. मगिद्दो, तानख, बेथ-शान, गिबोन ही त्यांतली बायबलच्या वाचकांना ओळखीची. मराठी बायबलमध्ये हा राजा ‘शिशक’ म्हणून येतो. पहिल्या ‘राजे’ ग्रंथाच्या १४व्या अध्यायानुसार शलमोनाचा मुलगा, यहूदाचा राजा रहबाम याच्या पाचव्या वर्षी त्याने यरुशलेमेवर चढाई करून शलमोनाच्या सोन्याच्या ढाली नेल्या. ही स्वारी साधारणपणे इ.स.पू. ९२५च्या सुमाराची मानतात, आणि शेशोंकच्या शिलालेखाचा एक तुकडा खुद्द मगिद्दोच्या उत्खननातही सापडला आहे.

येथे सावध राहावे. भिंतीवरील वाचता येणाऱ्या नावांत यरुशलेम नाही. यादीचा काही भाग नष्ट झाला आहे, आणि खंडणी दिल्याने शहर वाचले असावे असेही म्हणतात. पण ते अनुमान आहे. इजिप्ती चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियनने एका अंडाकृतीतील नाव ‘यहूदाचे राज्य’ असे वाचले होते. पुढे ते एका गावाचे नाव ठरले. तरीही ती अंडाकृती बोटाने दाखवून ‘हा यहूदाचा राजा’ असे सांगणारे आजही भेटतात. मला एका पहारेकऱ्याने सांगितले आणि बक्षीसही मागितले.

याच भिंतीच्या कडेने पूर्वेला चालत गेल्यास दक्षिणेकडे वळणारी दुसरी भिंत लागते. तिच्यावर रामेसेस दुसऱ्याचा हित्ती राजाशी झालेला तह आहे आणि अश्कलोनच्या वेढ्याचे दृश्यही आहे. पूर्वी ते रामेसेसचे मानत. आता अनेक अभ्यासक ते मर्नेप्ताहचे समजतात. ही भिंत पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी सावलीत असते. शेशोंकचे कोरीव काम तिरप्या उन्हात वाचावे, हिच्याकडे मात्र दुपार कलल्यावर यावे. नावे उंचावर असल्याने दुर्बीण न्यावी. मी नेली नव्हती आणि वरच्या ओळी फोटो मोठा करून पाहाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी स्थानिक फेरीबोटीने नाईल ओलांडून मर्नेप्ताहच्या देवळाकडे गेलो. त्याचे तिकीट मेम्नॉनच्या पुतळ्यांपलीकडच्या खिडकीवर आधी काढावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी रोख घेत नाहीत, म्हणून कार्ड जवळ हवे. १८९६ साली पुरातत्त्वज्ञ पेट्रीला येथेच मर्नेप्ताहचा, इस्राएलचे नाव असलेला शिलालेख सापडला. अमेनहोतेप तिसऱ्याच्या शिळेची मागची बाजू मर्नेप्ताहने वापरली होती. देवळात शिलालेखाची प्रतिकृती उभी आहे. एकूण २८ ओळींपैकी २७वी ओळ पाहावी. तेथे अश्कलोन, गेजेर आणि यनोआम यांच्या नावांपुढे प्रदेशाचे चिन्ह आहे; इस्राएलपुढे मात्र बसलेला पुरुष, स्त्री आणि तीन रेघा, म्हणजे लोकसमूहाचे चिन्ह आहे. हा फरक आधी फोटोवर खुणा करून न ठेवल्यास समोर उभे राहूनही सापडत नाही.