व्हरांड्याखालचा टेकू

नवापूर तालुक्यातल्या एका मिशनच्या शाळेत मी शिकवतो. मुलींच्या वसतिगृहाच्या नव्या खोल्यांचं बांधकाम माझ्याकडे होतं, तेव्हाची ही गोष्ट.

आमच्याकडे वसतिगृहाची किंमत दिवाळीनंतर कळते. भात कापून झालं की पाड्यापाड्यांवरून टोळ्या ऊसतोडीला निघतात, बऱ्याचशा बारडोली-सुरतेकडे. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते. घरी सांभाळायला आजी-आजोबा नसले तर लेकरंही ट्रकमध्ये चढतात, ती परततात उन्हाळ्यात, परीक्षा संपल्यावर. वसतिगृहात जागा मिळाली तर वर्ष वाचतं. जुन्या कौलारू इमारतीत जागा उरली नव्हती. तिचा पाया काळ्या मातीत, तोही उथळ. उन्हाळ्यात जमीन आकसली की भिंतीची भेग रुंदावायची, पावसात माती फुगली की दारं अडकायची. जागा नाही म्हणून एखाद्या मुलीला परत पाठवायची वेळ आली की मला रात्री झोप लागत नसे.

म्हणून नव्या खोल्यांचा पाया आम्ही मुरूम लागेपर्यंत खोल नेला. स्लॅबचा दिवस ठरला मे महिन्यातला. पालक ऊसतोडीहून परतलेले, पेरणीला अवकाश, म्हणून श्रमदानाला माणसं भरपूर आली. ऊन चढायच्या आत निम्मं काम उरकायचं होतं. पहाटे पाचची प्रार्थनेची घंटा झाली आणि मिक्सर सुरू झाला. सिमेंटच्या गोणीमागे दीड फर्मा (मापाची पेटी) वाळू, तीन फर्मे खडी. घमेल्यांची रांग लागली. स्वयंपाकाच्या मावशींनी चुलीवर उडदाची डाळ चढवली, आणि बाया ज्वारीच्या भाकरी थापायला बसल्या. माणसं मावचीत बोलत होती, गवंडी अहिराणीत, ठेकेदाराचा माणूस गुजरातीत, आणि काम सुरळीत चाललं होतं.

खोल्यांवरचा भाग भरून झाला, काँक्रीट व्हरांड्याकडे सरकलं. तेवढ्यात खालून हाक आली, "थांबा! वरचे सगळे उतरा!"

सहावीतल्या एका मुलीचे वडील सेंट्रिंगखाली, म्हणजे ओलं काँक्रीट पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्याखाली, उभे होते. ऊसतोड नसते तेव्हा ते सुरतेला सेंट्रिंगच्या कामावर जातात, हे मला ठाऊक नव्हतं. घमेली वाहता वाहता ते अधूनमधून खाली जाऊन साच्याला टेकू दिलेली प्रत्येक बल्ली, म्हणजे लाकडी खांब, मुठीने हलवून बघत होते.

"काय व्हयनं भो?" गवंड्याने वरून विचारलं.

मी खाली गेलो. त्यांनी व्हरांड्याच्या कोपऱ्यातली बल्ली धरून हलवली, ती हलली. "सर, भार घेतलेला टेकू असा हलत नाही," ते म्हणाले, आणि अंगठ्याने बुडाशी माती उकरली. बोटांच्या फटींतून काळा चिखल वर आला. खोल्यांत मुरमाचा भराव होता, पण व्हरांड्यात ठेकेदाराने पायातून निघालेली काळी मातीच लोटली होती. शेजारीच पाण्याची टाकी. सकाळपासून सांडलेलं पाणी तिथेच मुरत होतं, आणि टेकू खचत होता. त्या ओळीतल्या आणखी दोन बल्ल्यांची तीच गत.

ठेकेदाराचा माणूस चिडला. मध्ये काम थांबवलं तर स्लॅबला सांधा पडेल, पाणी गळेल, एवढं तर चालतं, असं त्याचं म्हणणं. सांध्याची भीती खोटी नव्हती. पण वर चाळीसेक माणसं होती. सेंट्रिंग खचलं असतं तर ती सगळी काँक्रीटसकट खाली आली असती. मी काम थांबवलं. हे सांगणाऱ्या माणसाला त्या दिवशी कोणी मिस्त्री म्हणत नव्हतं, पण जागेवरचा सगळ्यात जाणता कारागीर तोच होता.

पुढचा पाऊण तास सूत्रं त्यांच्याच हाती राहिली. आधी टाकी हलवली. चिखल खरवडून काढला, विटांचे तुकडे आणि खडी घालून धुमसाने ठोकली. बुडाला रुंद फळ्या हव्या होत्या. शाळेच्या कोठीतल्या मोडक्या बाकांच्या सागवानी फळ्या आणल्या. त्यांवर बल्ल्या उभ्या करून पाचरी ठोकल्या. दर ठोक्यानंतर ते बल्ली मुठीने ढकलून बघायचे. तोवर गवंड्याने काँक्रीटच्या कडेवर ओली गोणपाटं टाकून ती सुकू दिली नाही. मग कडेला सिमेंटची स्लरी ओतून पुढचं काम धरलं. दुपारी जेवणं आटोपली तेव्हा स्लॅब पूर्ण झाला होता.

संध्याकाळी स्लॅबवर आळी करून पाणी भरलं. खोल्यांचा गाळा, म्हणजे स्लॅबच्या दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरच्या वरचा, तेव्हा टेकू किमान 14 दिवस हलवायचे नव्हते. ठेकेदार घाई करत होता, कारण सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या होत्या. मी त्या पालकांनाच विचारून तारीख ठरवली. व्हरांड्यातली काळी माती नंतर काढायला लावली, मुरूम भरून मगच कोबा केला. पहिल्या पावसात मी सांध्याखाली उभा राहून बघितलं, ओल नव्हती.

दिवाळीनंतर ते ऊसतोडीला गेले, मुलगी शाळेत राहिली. रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. तिच्याशी बोलून झालं की फोन माझ्याकडे द्यायला सांगतात. पुढे स्वयंपाकघराचा स्लॅब आहे. ते परतल्याशिवाय सेंट्रिंग उभं करायचं नाही, आणि बल्ल्या त्यांनी स्वतः निवडायच्या, एवढं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. मजुरी मिस्त्रीची द्यायची, हे मी संस्थेकडून लिहून घेतलंय.