सही नंतर, बोलणं आधी

ऑपरेशनच्या संमतीपत्रात सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सही. समजावून सांगितलं, ते समजलं आणि मान्य आहे, एवढ्याचीच ती नोंद. बोलणंच झालं नसेल तर नोंद कशाची?

बिघडतं ते बहुतेकदा वेळेवरून. पेशंट स्ट्रेचरवर, थिएटरचं दार समोर, आणि तेव्हा फॉर्म पुढे येतो. त्याआधी मिडॅझोलम दिलेलं असेल तर त्या सहीवर विसंबता येत नाही, कारण ते औषध गुंगी आणतं आणि त्या वेळी ऐकलेलं पुढे आठवतही नाही. ठरवून करायच्या ऑपरेशनचं बोलणं काही दिवस आधी ओपीडीत व्हावं, आणि त्या दिवशी सकाळी फक्त उजळणी. बोलायचं ते ऑपरेशन करणाऱ्या सर्जननं, किंवा ते ऑपरेशन नीट माहीत असलेल्या त्याच्या सहकाऱ्यानं. सिस्टर साक्षीदार म्हणून सही करतात ती पेशंटनं समोर सही केली एवढ्यापुरती. धोके समजावण्याचं काम त्यांच्यावर ढकलू नये.

काय सांगायचं, यासाठी पित्ताशयाच्या खड्यांचं उदाहरण घेऊ. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि त्रास काहीच नाही, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. म्हणजे ‘काहीच न करणं’ हा खरा पर्याय आहे आणि तो सांगायलाच हवा. त्रास होत असेल तर दुर्बिणीतून पित्ताशय काढतात. पण आत चिकटलेलं असेल किंवा रक्तस्राव आटोक्यात येईना, तर पोट उघडावं लागतं. हे आधी सांगितलं नाही तर जाग आल्यावर मोठी जखम पाहून ‘ऑपरेशन बिघडलं’ असाच समज होतो. पित्तनलिकेला इजा हजारात साधारण 3 ते 5 जणांना होते. दुर्मीळ, पण झाली तर पुन्हा मोठं ऑपरेशन. दुर्मीळ आणि गंभीर, नेहमीचं आणि किरकोळ, दोन्ही सांगावं.

आकडे सांगताना छेद एकच ठेवा. ‘25 मध्ये 1’ आणि ‘200 मध्ये 1’ यांची तुलना भल्याभल्यांना जमत नाही. ‘हजारात 40’ आणि ‘हजारात 5’ लगेच कळतं. ‘धोका निम्मा होतो’ हे वाक्य तर एकटं कधीच वापरू नये. हजारात 2 चा 1 झाला तरी निम्माच, आणि 400 चे 200 झाले तरी निम्माच.

कोणता धोका महत्त्वाचा, हे माणसागणिक बदलतं. थायरॉईडच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्राच्या नसेला इजा होऊन आवाज बसू शकतो. गायक किंवा शिक्षक असलेल्या पेशंटचा निर्णय यावरच फिरू शकतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये हेच धरलं: त्या पेशंटच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगायचा. तेव्हा पेशंटचा कामधंदा काय, हे विचारल्याशिवाय बोलणं पुरं होत नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे पेशंटनं सांगायचं ते. इथे लपवाछपवी फार चालते, बरेचदा भिडेपोटी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: वॉरफरिन साधारण 5 दिवस आधी थांबवतात, क्लोपिडोग्रेल 5 ते 7 दिवस; पण स्वतःच्या मनानं बंद करू नका, स्टेंट असेल तर ते जिवावर बेतू शकतं. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या निदान 3 दिवस आधी थांबवतात, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लयुक्त होऊ शकतं. वजन कमी करायची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं जठर रिकामं व्हायला उशीर लावतात, म्हणून भूलतज्ज्ञाला ती कळलीच पाहिजेत. बरेच दिवस घेतलेली स्टेरॉईडं, जडीबुटी, हलणारा दात, झोपेत श्वास अडकणं, घरात कुणाला भूल देताना अचानक प्रचंड ताप आला असेल तर तेही. आणि दारू. रोज पिणाऱ्यानं ते लपवलं तर दोन-तीन दिवसांनी वॉर्डात भ्रम सुरू होतो आणि कारण शोधण्यात वेळ जातो.

फॉर्मवर ‘उजवा’, ‘डावा’ पूर्ण अक्षरांत लिहा, आद्याक्षरं नकोत. ‘आणि गरज पडल्यास इतर कोणतीही शस्त्रक्रिया’ या छापील ओळीवर विसंबू नका. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये स्पष्ट केलं, की तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. पेशंट भुलेत असताना आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढल्याचं ते प्रकरण होतं. सज्ञान, भानावर असलेल्या माणसाच्या वतीनं नातेवाइकाची सही चालत नाही. जीव वाचवायला थांबणंच शक्य नसेल तो अपवाद. पुढची शक्यता दिसत असेल तर ती आधीच, नाव घालून, फॉर्मवर लिहावी.

शेवटी ‘समजलं ना?’ विचारू नका, त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘घरी गेल्यावर काय सांगाल, ते मला सांगा’ असं म्हणा. त्यात चूक निघाली तर तेवढाच भाग पुन्हा सांगा. ‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा’ असं उत्तर आलं, तर मुख्य धोके तरी सांगून पेशंटचे शब्द केसपेपरवर तसेच लिहा. नकार आला तर तोही, तारीख-वेळेसकट. भूल चढेपर्यंत संमती मागे घेता येते, हे मात्र आपणहून सांगा.