ब्लूम म्हणजे नुसता संविधान तक्ता नाही

डीएड बीएड केलेल्या कुणालाही बेंजामिन ब्लूम ह्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाबद्दल विचारा, ज्ञान आकलन उपयोजन कौशल्य आणि संविधान तक्ता (म्हणजे कोणत्या उद्दिष्टावर किती मार्कांचे प्रश्न ह्याचा प्रश्नपत्रिकेचा आराखडा), संपलं. साताऱ्यात आम्ही शिक्षक मंडळी प्रशिक्षणाला जमतो तेव्हाही ब्लूम एवढाच येतो. मला मात्र मनापासून वाटतं की ह्या माणसाचं मोठं काम तक्त्यानंतरचं आहे आणि तेच आपल्यापर्यंत नीट पोचलं नाही.

थोडक्यात सांगते. जन्म १९१३, पेन्सिल्व्हेनियातला. शिकागो विद्यापीठात शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांच्याबरोबर काम केलं, १९४२ ला पीएचडी, मग तिथेच परीक्षांचं काम बघायला लागले. शिक्षणाच्या उद्दिष्टांचं वर्गीकरण जन्मलं ते ह्याच परीक्षेच्या कामातून, वेगवेगळ्या विद्यापीठांतले पेपर काढणारे लोक एकत्र बसले, आपला प्रश्न नेमकं काय तपासतोय हे एकमेकांना सांगता यावं म्हणून, आणि १९५६ ला पुस्तक आलं. त्यात सहा पायऱ्या होत्या, ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. आपल्या तक्त्यात शेवटच्या तीन आल्याच नाहीत! १९५७ ला ब्लूम स्वतः भारतात आले होते, मूल्यमापनाच्या कार्यशाळा घ्यायला, आणि आपल्याकडच्या परीक्षा सुधारणेला तिथून जोर आला.

पण माझा खरा विषय म्हणजे ब्लूम यांनी १९६८ ला मांडलेला विचार. जॉन कॅरोल ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये मांडलं होतं की एखाद्या विषयातली क्षमता म्हणजे तो विषय शिकायला त्या मुलाला लागणारा वेळ. ब्लूम यांनी ते उचललं आणि म्हणाले की मग आपण सगळ्यांना सारखाच वेळ देऊन निकाल वेगवेगळा का लावतो, वेळ आणि मदत कमीजास्त करा, शिकणं मात्र जवळजवळ सगळ्यांचं पक्कं करा. ह्याला प्रभुत्व अध्ययन म्हणतात. घटक संपला की छोटी चाचणी, तिचे मार्क निकालात धरायचे नाहीत, ज्याचं जिथे अडलंय तेवढंच दुसऱ्या पद्धतीने परत शिकवायचं, आणि मग त्याच घटकाची दुसरी चाचणी. ज्यांचं आधीच आलंय त्यांना तोवर जास्त खोलातलं काम.

चौथीला हातच्याची वजाबाकी शिकवताना हे मला रोज दिसतं. ज्याला दशक सुट्टा करणं कळलेलं नाही तो पुढे भागाकारात अडणारच, आणि आपण म्हणणार पोरगं अप्रगत आहे. अरे पण त्याचं अडलं कुठे, मागच्या घटकात ना! ब्लूम यांचं १९७६ चं पुस्तक ह्याच मुद्द्यावर आहे, नव्या घटकाला मूल काय घेऊन येतं त्यावर पुढचं खूप काही ठरतं.

१९८४ चा त्यांचा लेख तर फार गाजला. त्यात दाखवलं की एकेका मुलाला स्वतंत्र शिकवलं तर त्यातलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं, आणि फक्त प्रभुत्व अध्ययन वापरलं तर साधारण ८४ टक्के मुलांच्या. नंतरच्या संशोधनात एवढा मोठा फरक टिकला नाही, संशोधक व्हॅनलेन यांच्या २०११ च्या आढाव्यात स्वतंत्र शिकवणीचा परिणाम ब्लूम यांच्या निम्म्याहून कमी निघाला, म्हणून ९८ चा आकडा भाषणात फेकू नये असं माझं मत आहे. पण निम्म्याहून कमी म्हणजेसुद्धा शिक्षणात खूप झालं.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळा बघायला महाराष्ट्रभरातून शिक्षक आले, तिथे ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं ह्या विचाराचं नाव होतं, ब्लूमचं नाही, तरी मूल आपल्या वेगाने पुढे जाऊ शकतं हा भरवसा मला दोन्हीकडे सारखा वाटतो.

आता आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर केलेल्या मूल्यमापनाच्या नोंदी आपण सगळे भरतो. त्या नोंदवहीत चाचणीनंतर त्या मुलासाठी काय केलं ह्याचा एक रकाना मी स्वतः आखून घेतलाय, आणि दुसरी चाचणी झाल्याशिवाय तो भरत नाही. अडचण वेळेची आहे, द्विशिक्षकी शाळेत दोन दोन वर्ग एकत्र असताना परत शिकवायचं कधी, तर मी सध्या परिपाठानंतरचा वेळ घेतेय आणि ज्यांचं पक्कं झालंय त्या मुलांना जोडीला बसवतेय. तुमच्या शाळेत कुणी दुसरी चाचणी नेमाने घेत असेल तर वेळापत्रकात कशी बसवता ते मला नक्की कळवा.