तळघरात गायले चौघे, नाव मात्र पाचांचं

अमेरिकेतल्या न्यू हेवनला पाहुणे आले की येल विद्यापीठ आणि पिझ्झा हे दोन्ही उरकावंच लागतं. नंतर वेळ उरला तर मी त्यांना टाउनसेंड ॲव्हेन्यूवरच्या सेंट बर्नाडेट चर्चपाशी नेते. साधंसुधं चर्च. "इथे काय बघायचं?" असा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उमटतोच. तर १९५६च्या फेब्रुवारीत याच चर्चच्या तळघरात 'इन द स्टिल ऑफ द नाइट' ध्वनिमुद्रित झालं. गाणारा गट होता 'फाइव्ह सॅटिन्स', याच गावातली कृष्णवर्णीय पोरं.

त्यांच्या गायकीला डू-वॉप म्हणतात. वाद्यांना पैसे नसलेल्या मुलांनी रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्याखाली, जिथे आवाज घुमेल तिथे उभं राहून ती घडवली. एक जण मुख्य गाणं म्हणतो, एक खर्जात राहतो, बाकीचे मधल्या आणि वरच्या पट्टीत साथ धरतात. मागचे बोल निरर्थक, आपल्या तराण्यातल्या 'तनन देरेना'सारखे. पण सगळी लय त्यांच्यावरच उभी असते.

म्होरक्या होता फ्रेड पॅरिस. त्याआधी १९५४ मध्ये त्याने 'स्कार्लेट्स' नावाच्या गटातून एक तबकडी काढली होती. मग लष्कराची नोकरी आली. फिलाडेल्फियात रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्याला हे गाणं सुचलं, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती.

महागड्या स्टुडिओची ऐपत कोणाची होती? सॅक्सोफोन वाजवणारा विनी मॅझेटा याच चर्चच्या वस्तीतला, त्याने तळघर मिळवून दिलं. गटाच्या नावात पाच, पण त्या दिवशी गायले चौघेच: पॅरिस, अल डेन्बी, एड मार्टिन आणि जिम फ्रीमन. हेडफोन लावून ऐकलं तर साथीचे आवाज जरा लांबून, भिंतीला लागून आल्यासारखे वाटतात. 'शू-डू-शूबी-डू' करत ते सरकत राहतात आणि मधेच मॅझेटाचा सॅक्सोफोन शिरतो, थोडा खरखरीत, घाई अजिबात नाही. त्याच्यामागे ही मंडळी 'डू-वॉप, डू-वा' म्हणत असतात.

स्टँडर्ड या चिमुकल्या कंपनीने ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं, पुढे होतं 'द जोन्स गर्ल'. लोकांनी मागचंच उचललं. एम्बर कंपनीने ते देशभर पोचवलं आणि लोकप्रिय गाण्यांच्या याद्यांपैकी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या (कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या) यादीत ते तिसऱ्या, तर पॉपच्या यादीत चोविसाव्या क्रमांकावर गेलं.

आणि गायक कुठे? जपानमध्ये, लष्कराच्या चाकरीत! रेडिओवर पॅरिसचा आवाज, आणि इकडे गटाला मुख्य गायक नाही. मग बिल बेकरला पुढे केलं आणि त्याच्या आवाजात १९५७ मध्ये 'टू द आइल' पंचविसावं आलं. गायकी म्हणून बेकरचं गाणं मला जास्त नेटकं वाटतं. पॅरिस परतल्यावर त्याने गट पुन्हा बांधला, पण तसं यश काही मिळालं नाही. सत्तरच्या दशकात 'ब्लॅक सॅटिन' असं नाव घेऊनही बघितलं, मग गुपचूप जुन्या नावावर परत. उरलेली सगळी कारकीर्द त्या एका गाण्याच्या जिवावर चालली, असं म्हटलं तर कडवट वाटेल. पण माणसं येत होती, तिकिटं खपत होती.

कारण गाणं थांबायलाच तयार नव्हतं. १९५९ मध्ये रेडिओ निवेदक आर्ट लॅबोच्या 'ओल्डीज बट गुडीज' या संग्रहात ते आलं आणि १९६० व १९६१ मध्ये पुन्हा यादीत चढलं, तळाशी का होईना. १९८७ मध्ये 'डर्टी डान्सिंग' चित्रपटात वाजलं. न्यूयॉर्कच्या सीबीएस-एफएम रेडिओवर श्रोत्यांच्या पसंतीची जुनी गाणी मोजत, तेव्हा वर्षानुवर्षं पहिलं हेच. इथल्या ऐंशीच्या आसपासच्या लोकांकडे विषय काढून बघा, शाळेतल्या नाचाच्या गोष्टी सुरू होतात आणि आपला चहा गार होतो. पॅरिस जानेवारी २०२२ मध्ये गेला, वय ८५.

तुमच्यापैकी अनेकांनी 'बॉइज टू मेन' या गटाची १९९२ची आवृत्ती ऐकली असेल. ती तिसऱ्या क्रमांकावर गेली, म्हणजे पॉपमध्ये मूळ गाण्याच्या बरीच वर. निव्वळ गळ्यांवर उभी, सफाईदार, कुठे खोट काढायला जागा नाही. पण त्यात सॅक्सोफोन नाही, त्यामुळे मला ती अर्धीच वाटते.