‘शक्ती’ची पन्नास वर्षे

सोलापूर, १५ डिसेंबर २०२५

उस्ताद झाकीर हुसेन यांना जाऊन आज एक वर्ष झाले. त्यांचा एकल तबला ऐकायचे सकाळपासून मनात होते. पण रात्रीची जेवणे उरकल्यावर हात गेला तो त्यांच्या आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेकडे. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील साउथॅम्प्टनच्या एका महाविद्यालयात श्रोत्यांसमोर रंगलेली ती मैफल. तिला यंदा पन्नास वर्षे झाली.

मी तरुणपणी काही वर्षे सतार शिकले, त्यामुळे माझा कान आधी मिंडेकडे जातो. गिटारच्या पडद्यांवर प्रत्येक सूर आपापल्या पायरीवर उभा असतो आणि एका सुरातून दुसऱ्यात ओघळणे त्या वाद्याला जड जाते. जॉन मॅक्लॉफ्लिन जॅझमध्ये विजेच्या गिटारवर गाजलेले; पण त्यांनी वीणेचे शिक्षण घेतले आणि ‘शक्ती’साठी जी लाकडी गिटार बनवून घेतली, तिच्या पडद्यांमधले लाकूड खरवडून खोलगट करवले, जेणेकरून तार लाकडाला न टेकता हवी तेवढी ओढता यावी. सहा तारांखालून तिरप्या गेलेल्या आणखी सात तारा आमच्या सतारीतल्या तरफांची, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारांची, आठवण देतात. रागाचे आरोह-अवरोह घोटून ते गिटारवर वाजवणारे पुष्कळ आहेत. सुरापर्यंत जाण्याची वाट पटली नाही म्हणून वाद्यच नव्याने घडवणारा विरळा.

या वादनाला सगळे पूर्व-पश्चिमेची भेट म्हणतात. सोलापुरात बसून ऐकताना मला मात्र त्यातली उत्तर-दक्षिणेची भेट अधिक जवळची वाटते. एल. शंकर यांचे व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम् (वाजवायचा मातीचा घडा) आणि आर. राघवन यांचा मृदंगम्, हे तिघेही कर्नाटक संगीतातले. हिंदुस्थानी परंपरेचे एकटे झाकीरभाई. तरीही ते कुठे पाहुण्यासारखे अवघडून वाजवत नाहीत. इकडची तिहाई आणि तिकडचा मोरा, दोघांनाही एकच वाक्य तीनदा म्हणून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरायचे असते, हे ‘जॉय’ या अठरा मिनिटांच्या पहिल्या रचनेत कोणी न समजावताच कळते.

खालच्या मजल्यावरचे अण्णा आवाज ऐकून वर आले. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि अक्कलकोटच्या पाहुण्यांशी कन्नड बोलणारा हा माणूस. जॅझशी त्यांचा काही संबंध नाही. घटम् सुरू झाला तसे ते मांडीवर टाळी देत बोटांनी मात्रा मोजू लागले. माझा हात माझ्या सवयीने टाळी-खाली दाखवत होता. दोघांची मोजणी वेगळी, पण सम आली की दोघांची मान एकदम हलायची. नंतरचे ‘लोटस फीट’ शांत, जेमतेम पाच मिनिटांचे. ते संपेपर्यंत आम्ही एक शब्दही बोललो नाही.

तिसरी रचना जवळजवळ अर्ध्या तासाची आहे. ती लावायला मी उठले, तेव्हा अण्णा म्हणाले, ‘‘ताई, ते पहिलंच परत लावा की.’’


मग तेच लावले.