आमची वाटचाल : भोसरीच्या गाळ्यातलं गिटारचं बफिंग

आमच्याकडे गिटार बनत नाही, हे आधीच सांगतो, कारण फोन करून लोक तेच विचारतात. बनलेल्या इलेक्ट्रिक गिटारला चमक आणायचं काम आम्ही करतो. वॉटर पेपर म्हणजे पाणी लावून घासायचा पेपर, मग बफिंग, तेही मॉपवर, म्हणजे मशीनवर फिरणाऱ्या कापडी चाकावर, एवढंच. वडील भोसरीतच स्टीलच्या पार्ट्सचं बफिंग जॉबवर्कवर करायचे, त्यांच्या गाळ्यात आणि त्यांच्याच शाफ्टवर हे सुरू झालं.

सुरू झालं ते मामांमुळे. मामा नाना पेठेत गाड्यांना ड्युको, म्हणजे गनने फवारायचा रंग, मारायचे. ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक काका त्यांच्याकडे स्कूटर रंगवायला यायचे, त्यांनी एकदा गिटार आणली, लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, पावसाळ्यात मारल्यामुळे वर पांढरट धुकं आलेलं. मामांनी रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारं थिनर घालून हलका कोट मारला, धुकं गेलं, पण पॉलिश कोण करणार म्हणून ती माझ्याकडे आली. नंतर मी मामांना वाचून दाखवलं की १९५०-६० च्या काळात फेंडर ही अमेरिकेतली गिटार कंपनी गिटारला ड्यूपाँ कंपनीचे गाड्यांचेच रंग मारायची, त्यात ड्युको हेच नाव, आणि त्यांचा फिएस्टा रेड हा फोर्डच्या थंडरबर्ड गाडीचा रंग होता. मामा म्हणाले, मग आपण काही नवीन करत नाही. त्या दिवसापासून ते माझे पार्टनर, कागदावर काही लिहिलं नाही.

मशीनबद्दल सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. वडिलांचा ग्राइंडर २८८० आरपीएमचा, स्टीलला ठीक. नायट्रो, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं लॅकर उष्णतेने मऊ पडतं, त्या स्पीडला मॉप लागला की थर ओढला जातो. म्हणून मी जुन्या बाजारातून १४४० ची मोटर आणली, मोटरला ४ इंची पुली, शाफ्टला ८ इंची, झाले ७२०. १२ इंची कापडी मॉपची कड मग सेकंदाला साधारण साडेअकरा मीटर पळते, लॅकरला तेवढं बास. एका मॉपला मध्यम कंपाउंड, म्हणजे घासायचा मसाला, दुसऱ्याला बारीक, आणि ते मॉप कधी एकमेकांत मिसळायचे नाहीत. बॉडी मॉपच्या खालच्या अर्ध्या भागाला धरायची, आणि मॉप नेहमी कडेवरून बाहेर पळाला पाहिजे, कडेच्या तोंडावर आला तर गिटार हातातून खेचून जमिनीवर आपटतो. गिटारच्या बॉडीची दोन टोकं पुढे येतात, ती शिंगं, त्यांच्या आतल्या वळणात मॉप जातच नाही, तिथे ड्रिलला ३ इंची फोम पॅड लावून हळूहळू करावं लागतं, आणि घाईत करणाऱ्याचं काम तिथेच ओळखू येतं.

आता ती लाल गिटार. मुंबईहून एक गृहस्थ घेऊन आले, जुनी नायट्रो, म्हणाले कधी पॉलिश झालेलीच नाही. मी विश्वास ठेवला, इथे माझी चूक. नायट्रोचा सगळा थर मिळून ०.१ मिमीच्या आसपास असतो, आणि गाड्यांचा थर मोजायचा मीटर लाकडावर चालत नाही, त्याला खाली धातू लागतो. म्हणून आधी पिकगार्ड, म्हणजे तारांखाली बॉडीवर स्क्रूने बसवलेली पट्टी, उघडायचं, झाकलेला रंग आणि उघडा रंग शेजारी ठेवून बघायचा, स्क्रूच्या भोकाच्या कडेला थर किती उरलाय ते बघायचं. मी ते केलं नाही. १५०० चा पेपर फिरवताना पाणी पांढरं होतं तोवर क्लिअर, म्हणजे रंगावरचा बिनरंगी थर, निघतोय, इतकं मला कळत होतं. मग मॉपला लावली आणि खालच्या शिंगाच्या कडेला मॉप लाल झाला. दोन सेकंदात खालचा पांढरा प्रायमर दिसला.

नंतर कळलं, तीनच महिन्यांपूर्वी ती एका नव्या दुकानात अर्ध्या तासात मिरर फिनिश करून घेतली होती, क्लिअर तिथेच संपला होता. त्या गृहस्थांनी ते लपवलं. आणि त्याच दुकानदाराने सगळ्या बँडवाल्या पोरांना सांगितलं की भोसरीत गिटार जाळतात, म्हणजे मॉपने रंगच उडवतात. महिन्याला दहा-बारा गिटारी यायच्या त्या दोनवर आल्या. मी शिकवलेला मुलगा त्याच्याकडे गेला, माझ्या पुल्यांचं माप घेऊन. कंप्रेसर विकला, आणि रात्री परत रेलिंगचे पाइप बफ करायला लागलो. वडील काही बोलले नाहीत, त्याचा जास्त त्रास झाला.

मामांनी उसन्या कंप्रेसरवर ते शिंग परत रंगवलं, रंग तीनदा मिसळला, उन्हात नेऊन बघितला. पाच आठवडे सुकू दिलं, मग मी पॉलिश केलं. एक रुपया घेतला नाही. गृहस्थ घेऊन गेले, जोड सापडत नाही म्हणाले, पण पुढे कुणाला सांगितलं नाही. जळाल्याचं मात्र सगळ्यांना माहीत. हे मला अजून लागतं.

तेव्हा ऑर्केस्ट्रावाले काका आले, स्वतःची आणि ग्रुपमधल्या दोघांची अशा तीन गिटारी घेऊन, पैसे आगाऊ दिले आणि म्हणाले, घाई नाही. त्या पैशातून मी पहिला नवा मॉप घेतला. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्या दुकानातल्या गिटारी आता आमच्याकडे येतात. सिलिकॉनवाली गाडीची पॉलिश चोळलेली असते, वर कोट मारला की फिशआय पडतात, जागोजागी खड्डे. धुऊन, पुसून, परत धुऊन घ्यावं लागतं, त्याचे वेगळे पैसे मी सांगतो आणि घेतो.

जे नवीन सुरू करतायत त्यांना सांगतो, वॉटर पेपर मारण्याआधी ब्रिजची आणि स्क्रूची सगळी भोकं मेणाने बंद करा, पाणी आत गेलं की लाकूड फुगतं आणि भोकाभोवती फिनिश तडकतं. कडांवर पेपर मारूच नका, मॉप कडा आपोआप घेतो. पॉली, म्हणजे पॉलियुरेथेनसारख्या फिनिशवर हात बसवा, तिचा थर जाड असतो, मगच नायट्रोला हात लावा. आणि घरी गिटार ठेवणाऱ्यांनो, नायट्रोची गिटार रबरी स्टँडवर महिनोन्‌महिने ठेवू नका, रबराचा डाग आत उतरतो, तो आमच्याने निघत नाही. गिऱ्हाइकाला आधी कुठे पॉलिश केलं ते तीनदा विचारा. पॉलिश लावलं असं लोक म्हणतात, पण आपण थर काढत असतो.

मामांचे हात आता थरथरतात, रंगाची गन मी धरतो, ते शेजारी बसून कोट ओला पडतोय का कोरडा ते सांगतात. काकांची पांढरी गिटार सध्या खुंटीला आहे, गणपतीतल्या प्रोग्रॅमसाठी हवी आहे. नाक जवळ नेलं की अजून थिनरचा वास येतो. वास जाईपर्यंत मॉपला लावणार नाही, तसं काकांना फोन करून सांगितलंय. ते म्हणाले, पहिले दोन दिवस जुनी वाजवतो.