त्याच रात्रीचं टिपण

१२ नोव्हेंबर, रात्री

२००६ साली याच तारखेला पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर एक कोरोला चढली. ७ जण गेले, ८ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं, म्हणजे १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० ची आहे. तरीही सत्र न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, एवढंच धरून ६ महिने दिले. सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३०४ भाग २, म्हणजे मृत्यू होऊ शकतो याची जाणीव असतानाचा सदोष मनुष्यवध, लावून ३ वर्षं केली आणि १२ जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुरावा तोच होता. आपल्या हातून माणसं मरतील याची चालकाला जाणीव होती, हे त्या पुराव्यातून निघतं का, यावर सगळं फिरलं.

अशा खटल्यात रक्ताचा आकडा आला की प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचं महत्त्व संपलं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. शरीरात दारू किती, एवढंच रक्त सांगतं. स्टिअरिंगवर कोण होतं, गाडी कशी चालली होती, ब्रेक लागला की नाही, हे त्यात कुठेच नसतं. उलट, रक्ताविना नुसत्या डोळ्यांचंही भागत नाही. १९७१ च्या बचुभाई करियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की तोंडाचा वास, लटपटती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारू प्यायल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. दोन्ही पुरावे एकमेकांना धरून उभे राहतात.

पोलिसी जबाबातलं ठरलेलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे: 'सदर इसमाने त्याचे ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून...' भाजीवाला असो की कॉलेजातली मुलगी, सगळ्यांच्या तोंडी हीच भाषा घातलेली असते. उलटतपासात पहिला घाव तिच्यावरच बसतो. 'हयगय म्हणजे काय, सांगा बघू?' साक्षीदार गडबडतो, कारण तो शब्द त्याचा नसतोच. शिवाय १९९८ च्या कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या निकालापासून हे पक्कं आहे की नुसतं 'गाडी वेगात होती' म्हटल्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. वेग ही सापेक्ष गोष्ट. त्याऐवजी साक्षीदाराने जे कळलं तेच सांगावं: गाडी डावीकडची लेन सोडून थेट पदपथावर चढली, त्याआधी टायर घासल्याचा आवाज आला नाही, दिवे चालू होते, आदळल्यावरही इंजिनाचा आवाज चढलेलाच होता. 'तो प्यायलेला होता' हा निष्कर्ष झाला. 'दार उघडून उतरला तेव्हा छताला धरून उभा राहिला, मी हातभर अंतरावर होतो, वास आला' हे पाहिलेलं, अनुभवलेलं झालं. कोणत्या दारातून उतरला, हे तर सगळ्यात मोलाचं. पुढे 'गाडी मी चालवत नव्हतोच' असा बचाव आला, तर एकट्या त्या वाक्यावर खटला तरतो.

आणि जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणू नये. झोपेतला माणूस आवाजाने जागा होतो. गाडी येताना त्याला दिसलेली नसते, थांबल्यावर मात्र दिसते. तेवढीच साक्ष द्यावी. ती अपुरी वाटते म्हणून तिच्यात आधीचं काही जोडलं, तर खरा भागही त्या जोडलेल्या भागाबरोबर बुडतो.

पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, कायद्यालाच ती नको आहे. त्या जबाबाचा उपयोग मुख्यतः विसंगती दाखवायला होतो. त्यात नसलेली महत्त्वाची गोष्ट कोर्टात पहिल्यांदा सांगितली, की बचाव तिला 'नंतर सुचलेली' ठरवतो. म्हणून जबाब वाचून दाखवायला सांगावा आणि राहिलेलं तिथेच घालून घ्यावं. १० वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात, आणि सदोष मनुष्यवध त्यात बसतो, पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्याने नोंदवलाच पाहिजे, असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली नवी नागरिक सुरक्षा संहिता म्हणते. तो शपथेवरचा असतो. सरकार पक्षाने यात आळस करू नये.

आळसाची किंमत दिल्लीच्या बीएमडब्ल्यू खटल्यात दिसली. १० जानेवारी १९९९, पहाट, लोधी कॉलनी, भरधाव बीएमडब्ल्यू गाडीखाली ६ मृत, त्यातले ३ पोलीस. महत्त्वाचे साक्षीदार फिरले. गाडीऐवजी ट्रक होता, इथपर्यंत गोष्ट गेली. २००७ मध्ये छुप्या कॅमेऱ्याने साक्षीदाराशी चाललेल्या भेटीगाठी उघड केल्या आणि बचावाच्या ज्येष्ठ वकिलाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवणं सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली कायम केलं. माणसं फिरली, पण फुटलेल्या गाडीतून गळलेल्या तेलाचा माग घटनास्थळापासून थेट एका आरोपीच्या घरापर्यंत गेलेला होता. साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष पुसली जात नाही, जुळणारा भाग घेता येतो. पण अशा जुळवाजुळवीवर खटला चालवावा लागणं हा मृतांवरचा अन्यायच आहे, असं मला मनापासून वाटतं.

मदतीला धावणाऱ्यांना भीती असते ती चौकीच्या खेपांची. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ आणि २०२० चे नियम त्यांच्या बाजूने आहेत. नाव देण्याची सक्ती नाही. स्वखुशीने साक्षीदार झालेल्याचा जबाब त्याच्या सोयीच्या वेळी, घरी किंवा कामाच्या ठिकाणी, साध्या वेशातल्या अधिकाऱ्याने, शक्यतो एकाच बैठकीत घ्यायचा आहे.

खटला उभा राहीपर्यंत वर्षं जातात, त्यामुळे त्याच रात्री स्वतःच्या हाताने टिपण करावं. घटनेनंतर लगेच, आठवण ताजी असताना लिहिलेलं टिपण पिंजऱ्यात पाहून स्मृती ताजी करता येते. पुरावा कायद्यात ही सोय पूर्वीपासून आहे. मात्र ते टिपण विरुद्ध पक्षालाही पाहता येतं, म्हणून त्यात अंदाज आणि राग नको. उभं राहण्याची जागा, मधलं अंतर पावलांत, खांबावरचा दिवा चालू की बंद, मध्ये झाड किंवा टपरी होती का, चालकाचे कपडे, कोण कोणत्या दारातून उतरलं, कोण पळालं, एवढं पुरे.

आणि वेळ. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं. चालक ४ तास गायब राहिला तर ६० मिलिग्रॅम नाहीसे होतात, आणि रक्त घेतेवेळी ४० भरलेला आकडा अपघाताच्या क्षणी शंभराच्या आसपास असू शकतो. हा हिशोब मागे नेताना डॉक्टरला अपघाताची नेमकी वेळ लागते. ती बहुतेकदा साक्षीदाराकडूनच मिळते. म्हणून वेळ लिहिताना ती कशावरून लिहिली तेही लिहावं: मोबाईल पाहिला, १०० किंवा ११२ ला फोन लावला त्याची नोंद आहे, की नुसता अंदाज.